पहूरची मांजरी

माझं लग्न ठरलं त्या बैठकीत वडिलांनी एकच अट घातली होती. पोरीचं बी.ए.चं शेवटचं वर्ष राहिलंय, तेवढं पुरं करू द्या. समोरची मंडळी सुपारी फोडत होती, त्यातच कुणीतरी "हो हो, त्यात काय" म्हटलं. वडिलांना ते पुरेसं वाटलं. मलाही वाटलं, कारण सुपारी फुटताना माणसं कशालाही हो म्हणतात हे मला तेव्हा कुठं ठाऊक होतं!

नव्वदीची सुरुवात होती. मी पहूरची, रोज एसटीला लोंबकळत जामनेरच्या कॉलेजात जाणारी. सासर धुळ्याला. एका भुसार व्यापाऱ्याच्या गोडाऊनवर दोन खोल्या, अरुंद जिना, आणि एक खिडकी, तीही शेजारच्या भिंतीकडं बघणारी. सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले. नवरा नरडाण्याच्या एका कारखान्यात पाळीवर जायचा. त्यामुळं दिवसभर घरात आम्ही दोघीच, मी आणि सासूबाई. त्यांना सगळी गल्ली अक्का म्हणायची, नवराही अक्काच म्हणायचा, म्हणून मीही.

धुळ्याच्याच एका कॉलेजात माझं नाव घातलं होतं. ते उघडलं त्या दिवशी मी वेणी घातली, साडीला पिन लावली आणि पायात चप्पल सरकवली. तेवढ्यात आतून किंकाळी आली. जाऊन बघते तर अक्का लोखंडी खाटेवर, दोन्ही पाय वर घेऊन, पदर गच्च धरून बसलेल्या.

"उंदर शे तठे! कोठीमांगे शे! माले एकली सोडीसन जाऊ नको व माय!"

मी चप्पल काढली. उंदीर शोधला, सापडला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी मी चप्पल काढलीच नाही, तर अक्का रडायला लागल्या. आपल्या दुप्पट वयाची बाई आपल्यासमोर रडते तेव्हा जिना उतरता येत नाही. निदान मला तरी आला नाही, आणि त्याचा मला संताप यायचा.

उंदीर होते, हे खोटं नव्हतं. खाली गोडाऊनमध्ये शेंगदाणे आणि तूर, वर आमच्या दादर ज्वारीच्या आणि गव्हाच्या पत्र्याच्या कोठ्या. धान्यात कडुनिंबाचा पाला घाला, झाकणावर वरवंटा ठेवा, उंदरांना काही फरक पडायचा नाही. पण औषध टाकायची सोय नव्हती, कारण अक्का माळकरी. नवऱ्यानं पिंजरा आणला. त्यात सापडलेला उंदीर सायकलवरून पांझरा नदीपलीकडं नेऊन सोडायचा, असा हुकूम. माझी खात्री आहे की नवऱ्याच्या आधी उंदीरच घरी परत यायचा.

नवऱ्याला मी म्हटलं, "अहो, तुम्ही काहीतरी बोला."

"तुम्ही दोघी बघून घ्या ना," असं म्हणून तो डबा घेऊन पाळीला गेला. त्याचं सगळं संसारशास्त्र या एका वाक्यात बसायचं. पण एक काम त्यानं केलं, ते कबूल केलं पाहिजे. कॉलेजात जाऊन तो एका सरांना भेटून आला. सर म्हणाले होते, गणपती बसायच्या आत वर्गात येऊन बसली तर सांभाळून घेतो, त्यानंतर यंदाचं विसरा. आणि यंदाचं विसरलं की कायमचं विसरलं, हे मला कुणी सांगायला नको होतं. माझ्याबरोबरच्या लग्न झालेल्या पोरींचं तसंच झालं होतं.

दुपारी पावसानं उघडीप दिली की मी गच्चीवर वाळत घातलेल्या सांडग्यांची राखण करायचे. तिथून मोठा रस्ता हाताएवढा दिसायचा. सायकलवरून मुली जायच्या, दप्तरं कॅरिअरला लावून, मोठमोठ्यानं बोलत. मी सांडगे उलटायचे. जिना उतरायला पायच हवे होते आणि ते मला होते, पण ते माझे राहिले नव्हते. कोंडलेल्या माणसाला कशाचीही आशा वाटते. मला मांजराची वाटली.

अक्कांनी लगेच होकार दिला. मांजर उंदीर खातं तो त्याचा धर्म, त्याचं पाप माळेला लागत नाही, असा त्यांचा हिशोब. मात्र मांजर कसं हवं ते त्यांनी बजावून सांगितलं. पांढरी मांजरी हवी. अंगावर काळा ठिपका नको. बोका तर नकोच, तो गावभर हिंडतो. आणि आणायची ती बंद पिशवीत, तोंड बांधून. तिला रस्ता दिसता कामा नये, नाहीतर ती उलट पावली माहेरी जाते. घरी आली की आरसा दाखवायचा, चुलीभोवती फिरवायची आणि अमावास्या उलटेपर्यंत उंबरा ओलांडू द्यायचा नाही.

"अमावस ऱ्हाई आठे, मंग ती कोठेच जात नही," अक्का म्हणाल्या. त्यांना हे इतकं नक्की कसं ठाऊक, असं मी विचारलं नाही. त्या स्वतः शिंदखेड्याकडच्या एका खेड्यातून लहानपणीच लग्न होऊन आल्या होत्या, पडदा लावलेल्या बैलगाडीतून. हे त्या कधीतरी भाजी निवडताना सांगायच्या, गंमत म्हणून.

राखीला मला पहूरला धाडलं ते भावासाठी कमी आणि मांजरासाठी जास्त. आमच्या मोठ्या काकूकडं मांजरांचं खानदान होतं. कापूस साठवायच्या खोलीत त्यांचा मुक्काम असायचा. काकू कापसाच्या ढिगावर बसून वाती वळायची आणि मांजरं तिच्या भोवती लोळायची. मी तिला सगळं सांगितलं, कॉलेजचंही. काकूनं हातातली वात खाली ठेवली.

"तुह्या सासूले पांढरी पाह्यजे, अन् तुले कशी पाह्यजे?"

"मला उंदीर मारणारी पाहिजे. आणि लवकर मारणारी."

"मंग रंग नको पाहू."

काकूनं बारकं पिल्लू द्यायला नकार दिला. त्याला शिकायलाच दिवाळी येईल, म्हणाली. अर्धवट वाढलेली चार मांजरं होती. तिनं त्यांना एकेक करून मानेच्या कातडीला धरून उचललं. पांढरा गुबगुबीत होता तो ओल्या टॉवेलासारखा लोंबला. "हा झोपायचा," म्हणून काकूनं त्याला खाली ठेवलं. बाकी तिघींनी पाय पोटाशी ओढून घेतले, त्या पुढच्या परीक्षेला ठेवल्या. मग तिनं ताटलीत दूध ओतलं आणि दार लावून घेतलं. सगळी दुधावर तुटून पडली. एकटी करडी, पट्ट्यापट्ट्यांची, फाटक्या कानाची, दुधाकडं वळूनही न बघता कोपऱ्यातल्या भिंतीच्या फटीपाशी जाऊन बसली. शेपटीचं टोक तेवढं हलत होतं. किती वेळ बसली कोण जाणे. काकूच्या बऱ्याच वाती वळून झाल्या, तरी ती बसूनच.

"हे तुही," काकू म्हणाली.

मला ती आवडली म्हणून मी घेतली, हे खरं नाही. मला तिचा तो बसण्याचा चिवटपणा हवा होता. मी मनात म्हटलं, बाई गं, माझं वर्ष तुझ्या जबड्यात आहे.

पहूर ते जळगाव आणि जळगाव ते धुळे, अशा दोन एसटी. कापडी पिशवीला काकूनं सुतळीनं गाठ मारून दिली होती. मांडीवर ती पिशवी धडधडत होती. ओरडत नव्हती, नुसती धडधडत होती, आणि ते मला ओरडण्यापेक्षा जड गेलं. एरंडोलला गाडी थांबली, चहावाले आले, माणसं उतरली. मी गाठ सोडली. मांजरीनं डोकं बाहेर काढलं. मी म्हटलं, बघ. तिनं एरंडोलचा स्टँड बघितला, पुढं पारोळ्यापर्यंत रस्त्याकडची बाभळीची झाडं बघितली, कापसाची शेतं बघितली. शेजारची बाई म्हणाली, "पळून जाईन नं ते." मी म्हटलं, "जाऊ दे." धुळं जवळ आल्यावर मात्र मी गाठ पुन्हा मारली. अक्का स्टँडवर यायच्या नव्हत्या, तरीसुद्धा.

"हाई कशी आनी व! कान फाटेल शे तिना!" अक्कांनी कपाळाला हात लावला. पण परत पाठवायची कशी? त्यांनी आरसा दाखवला. मांजरीनं आरशाला पंजा मारला. चूल जाऊन गॅस आला होता, म्हणून तिला गॅसच्या शेगडीभोवती तीनदा फिरवण्यात आलं. मग अक्कांनी आतून कडी घातली. राखीपासून पोळ्याच्या अमावास्येपर्यंत कडी, आणि पोळ्यानंतर चार दिवसांनी गणपती. मी मनातल्या मनात पुन्हा पुन्हा तेवढंच घोकत होते.

मांजर बाहेर जाईल म्हणून दार बंद, आणि दार बंद म्हणून मीही बंद. आता तर नवरा गेला की कडी, दूधवाला आला की दार फटीएवढं उघडून पुन्हा कडी. सकाळी पाणी भरायला तेवढं खाली नळावर जायचं, तेही अक्का आतून कडी लावून घ्यायच्या आणि मी हंडा घेऊन आले की "कोन शे?" विचारून उघडायच्या. पहिले काही दिवस मांजरी कोठीमागून निघालीच नाही. मग दाराशी जाऊन नखांनी लाकूड ओरबाडायला लागली, वर तोंड करून रडायला लागली. मला तिचा हेवा वाटायचा. मी रडले असते तर शेजारीण विचारायला आली असती.

आणि अक्का तिच्या प्रेमात पडल्या. आधी कपाळाला हात लावणारी ही बाई आता तिला 'बाई' म्हणून हाक मारायची. बाई जेवली का, बाईला ऊन लागतंय, बाईच्या दुधात भाकरी कुस्कर. साय तिला, तूप तिला. मी जळफळायचे. अशा लाडावलेल्या मांजरीनं उंदीर कशाला धरावा? आणि खरंच, तिनं मारलेला एकही उंदीर मला दिसला नाही. काकूनं फसवलं का आपल्याला, असंही मनात येऊन गेलं. इकडं अक्कांचं चालूच होतं. मी भांडी घासत असले की खाटेवरून ओरडायच्या, "तो गया! देख, तो गया!" मी धावत जायचे. बाई खाटेखाली पाय चाटत बसलेली, अक्कांचे पाय वर, आणि उंदीर नाही. रात्री पूर्वी कोठ्यांमागं जी खुडबुड चालायची ती थांबली होती, पण मी त्याचा अर्थ लावला नाही. माझा सगळा जीव त्या कडीत अडकलेला होता.

पोळा आला. अक्कांनी खापरावर पुरणपोळ्या केल्या, हाताच्या कोपरापर्यंत मोठ्या आणि तलम. नवऱ्यानं मातीचे बैल आणले, आम्ही त्यांना कुंकू लावलं. संध्याकाळी मी विषय काढला.

"अक्का, अमावास्या झाली. उद्यापासून कडी काढायची ना? मी कॉलेजात जाईन म्हणते."

अक्का बाईच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. "कडी काढसू ना. पन उंदर कोठे गयात? बठ्ठा उंदरं मरी जातीन, मंग जाय तू."

म्हणजे शेवटचा उंदीर मरेपर्यंत मी घरातच. नवरा पोळी खात होता, खातच राहिला. त्या पोळीचा राग मला अजून येतो.

त्यानंतरच्या एका सकाळी, गणपती दोन दिवसांवर असताना, मी नळावर गेले आणि चुंबळ वर विसरले. भरलेला हंडा तसाच डोक्यावर घेतला तर टाळू दुखतो, म्हणून मी परत जिना चढले. अमावास्या उलटल्यापासून कडी काढलेली होती, दार नुसतं लोटलेलं होतं. मी ढकललं.

अक्का खाटेवर नव्हत्या. खोलीच्या मधोमध अनवाणी उभ्या होत्या. त्यांच्या हातात मेलेला उंदीर होता, चांगला मोठा. देठाला धरून वांगं उचलावं तसा त्यांनी तो शेपटीला धरला होता. पायाशी बाई तोंड चाटत बसली होती. "शाबास व बाई," असं म्हणत अक्कांनी तो जुन्या कागदात गुंडाळला. खिडकी उघडीच होती आणि खिडकीखाली गटार. त्यांचा हात खिडकीकडं वळला आणि मी त्यांना दिसले.

मला एकाच वेळी सगळं कळलं. रोज सकाळी मी नळावर गेले की त्या एकट्याच असायच्या, आणि त्या वेळात कधी किंकाळी आली नव्हती. बाई रोज उंदीर मारत होती, आणि अक्का रोज ते गटारात टाकत होत्या. काकूनं फसवलं नव्हतं. बाईनंही नाही.

माझं डोकं फिरलं. रागात माझ्या तोंडात पहूरची बोली येते. "तुमाले तं भेव वाटते ना उंदराचं?"

अक्कांनी कागद खिडकीबाहेर टाकला. मोरीत जाऊन साबणानं हात धुतले, पदराला पुसले आणि खाटेवर बसल्या. पाय खाली होते. खाटेवर बसलेल्या असताना त्यांचे पाय जमिनीवर टेकलेले मी पहिल्यांदाच बघत होते.

"पैले वाटे," त्या म्हणाल्या. "आते नही वाटत. उंदरानं नही वाटत. तू गयी का माले घर खावाले ऊठस."

मला दया आली नाही. खोटं कशाला लिहू? मला माझे दोन महिने दिसत होते, सांडगे उलटण्यात गेलेले. मी त्यांना दुखवायचं म्हणून म्हटलं, "तुमच्या अमावास्येनं काही झालं नाही, अक्का. मी पिशवी एरंडोललाच उघडली होती. हिनं सगळा रस्ता पाहिलाय."

अक्कांनी बाईकडं बघितलं.

"मंग गयी का नही ती?"

"मला काय माहीत!"

"मांजरनी पिशवी तू उघाडी," त्या हळू म्हणाल्या. "मन्हा पडदा कोनी उघाडा व?"

मी चुंबळ उचलली आणि खाली गेले. नळाचं पाणी वाहून चाललं होतं, मागच्या बायका बोलत होत्या, मला काही ऐकू येत नव्हतं. राग तसाच होता. पण आता त्याला एक माणूस पुरत नव्हता. तो अक्कांवर होता, त्यांना पडद्यात बसवून आणणाऱ्यांवर होता, सुपारी फोडणाऱ्यांवर होता आणि पोळी खाणाऱ्या नवऱ्यावर तर होताच.

दुसऱ्या दिवशी हरतालिका. अक्कांचा उपास होता, माझाही. मी वेणी घातली, साडीला पिन लावली, चप्पल घातली. किंकाळी आली नाही. अक्का खाटेवर बसून माळ ओढत होत्या, पाय खालीच. मी उंबऱ्यापाशी थांबले, का कोण जाणे.

"कव्हय येशी?"

"दुपारी."

"दार उघडं राहू दे. बाईले जावा-येवाले."

मी दार उघडं ठेवलं आणि उतरले. कॉलेज पायी जाण्यासारखं होतं. मी जवळजवळ पळतच गेले. वर्गात शेवटच्या बाकावर बसले. सरांनी माझ्याकडं बघून नुसती मान हलवली. त्या तासाला काय शिकवलं ते मला आठवत नाही. बाकावर कुणीतरी कोरलेला बदाम तेवढा आठवतो, त्यावरून मी तासभर बोट फिरवत होते.

दुपारी परत आले तर जिन्याच्या खालच्या पायरीवर अक्का बसलेल्या. चप्पल नाही, डोक्यावर पदर, मांडीवर बाई. गोडाऊनचे हमाल पोती वाहता वाहता त्यांना वळसा घालून जात होते. लग्न होऊन आल्यापासून अक्का कुणी सोबत असल्याशिवाय हा जिना उतरल्या नव्हत्या. देवळात जायचं तर माझा नवरा, नाहीतर शेजारीण, नाहीतर मी.

"अक्का, तुम्ही खाली कशा आलात?"

"बाई खाले उनी, म्हनीसन मीबी उनी," त्या म्हणाल्या. त्यांना जणू कुणी रागावणार होतं, तसा चेहरा होता.

मी त्यांच्या शेजारी बसले. उपासानं दोघींची तोंडं सुकलेली. समोरून कुणी पाटावर मातीचा गणपती रुमालानं झाकून घेऊन गेलं. अक्का गणपती गेला त्या बाजूला मान वळवून बघत राहिल्या, जिथं गल्ली वळते तिथपर्यंत. मग त्यांनी मला विचारलं,

"हाई गल्ली पुढे कोठे जास व?"